बाईच्या अंगाखालची चटई

बाई, तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले, आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. शेजारच्या बाया म्हणतात, बहीण गेली, जाऊ गेली, एका माणसाबरोबर दोन नाती गेली, कसं जेवण जाईल बिचारीला! बोलू देते. त्यांना काय सांगू? मला किळस आली आहे. भाताची आली आहे, ओसरीची आली आहे, तुझ्या दिराची, म्हणजे माझ्याच नवऱ्याची, आली आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या या दोन हातांची.

तू उभ्या जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस. गावभर चटया विणून दिल्यास, एक स्वतःसाठी विणलीस आणि म्हणालीस, "मराच्या टायमाले मले हिच्यावर निजव. अन् मंग ही माह्याबरोबर जाळ." मी तुझ्या पायाला हात लावून कबूल केलं होतं. आणि तू गेलीस ती युरियाच्या पोत्यावर. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर मी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि नेमकं हेच गिळून टाकेन. मला ओळखतेस तू.

कागदावर शाळेतली भाषा येते, हसू नको. आपल्या दोघींत चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले ती मी. तू आईच्या मागे तळ्यात गेलीस. आता ती शाळाही हिंदी झाली. माझा सुरेश बालाघाटला कॉलेजात शिकतो, पण ही दोन पानं वाचायला दिली तर अर्ध्यात म्हणेल, अम्मा, आप ही पढ़ के सुना दो. आणि त्याच्या बापाला सहीपुरतीच अक्षरं येतात. म्हणून बिनघोर लिहिते आहे.

तुझं लग्न माझ्या आधी चार वर्षं झालं. लांजीकडून किरनापूरकडे तुझी बैलबंडी निघाली तेव्हा आईने तुझ्या पेटीशेजारी एक ओलं गाठोडं ठेवलं होतं. इथं मामंजींना वाटलं, सुनेच्या माहेरची शिदोरी आहे, चार लाडू तरी असतील. चार माणसांसमोर त्यांनी ते उघडलं. आत काळा चिखल, पांढऱ्या मुळ्या आणि एक जिवंत गोगलगाय. ही गोष्ट मी या घरात आल्यावर त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकली.

"हे काय होय वं?"

"लव्हाळा," तू म्हणालीस.

"अवं माय! आमी जलमभर धानातून लव्हाळा उपटून राह्यलो, अन् सून माहेरून लव्हाळा घेऊन आली!"

गावभर हसं झालं. धानाच्या गावात लव्हाळा लावणारी सून म्हणजे घरात घूस पाळणारी बाई. किती दिवस पोरं तुला 'लव्हाळेवाली' म्हणत होती. पण तू तेव्हा सोळा वर्षांची, नव्या लुगड्यात, सासऱ्यापुढे खाली मान घालून उभी, आणि तरी तू त्यांना समजावलंस. म्हणालीस, तुम्ही उपटता तो तीनधारी, बोटात फिरवून पाहा, अडते. हा गोल आहे, सरसर फिरते. तो धानाच्या बांधीभर पसरते, हा पाण्याची जागा सोडून कुठी जात नाही. मामंजींनी खरंच दोन्ही काड्या बोटांत फिरवून पाहिल्या म्हणे. आणि म्हणाले, "फिरू दे का अडू दे. बांधीत दिसला तं त्याच्यासंगं तुलेही उपटून फेकीन."

म्हणून तुला बोडीच्या शेपटाची जागा मिळाली. आपली ती लहानशी बोडी, धानाला पाणी द्यायचं तळं. तिच्या वरच्या अंगाला बाया कपडे धुवत, मधे म्हशी बसत, आणि सगळी घाण वाहून शेपटाला जमत असे. तिथं शेवाळ, तिथं जळवा, तिथं पाय टाकला की काळे बुडबुडे वर येणार आणि सडक्या अंड्यांचा वास सुटणार. मी या घरात सून म्हणून आले, सख्खी बहीणच जाऊ म्हणून मिळाली म्हणून आई सुटल्यासारखी झाली होती. आणि तू पहिल्याच पावसाळ्यात मला लुगडं खोचायला लावून त्या घाणीत उतरवलंस! बाई, ते मी तुला कधी माफ केलं नाही. आजही करत नाही.

धानाची रोवणी आटोपली की तू लव्हाळ्याची रोवणी काढायचीस, सगळ्या गावाची कंबर मोडलेली असताना. जुना मुळांचा थोंब उपटायचा, आणि हातानेच फोडायचा. मी एकदा विळा लावायला गेले तर तू माझ्या मनगटावर चापट मारलीस. "लोखंड लावलं तं मुळी सडते. हातानं मोड. जिथून मोडाचं तिथूनच मोडते ते." तीन-चार कोंब एका फोडीला राहिले पाहिजेत, पांढरं टोक दिसलं पाहिजे. वरची पाती वीतभर ठेवून कापायची, नाहीतर वाऱ्याने झाड आडवं होतं. मग चिखलात दोन बोटं खोल, फक्त दोन. मी लवकर सुटावं म्हणून घसाघसा मूठभर खोल खुपसत होते. तू मागून येऊन एक एक वर ओढत होतीस आणि मला शिव्या घालत होतीस.

"डोळा बुडवला तं कोंब गुदमरते वं! तुले कोणी गळ्यापर्यंत गाडलं तं तू वर येशीन का?"

"मी पहिलेच बाहेर निघीन अन् नहाले जाईन," मी म्हटलं.

दोन रोपांत एक हात जागा. पंधरा दिवस घोट्याइतकं पाणी, मग रोप धरलं की गुडघ्याइतकं चाललं. चहूकडून बोरीच्या काट्यांचं कुंपण, कारण म्हैस कोवळा लव्हाळा उसासारखा खाते. त्यात तीनधारी उगवला की रोज सकाळी हाताने वेचायचा. आणि पहिल्या वर्षी कापायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. "पहिल्या साली त्याले त्याच्यासाठी जगू दे," तू म्हणायचीस. दुसऱ्या वर्षापासून कार्तिकात कापणी. वरचा तुरा हिरवा असतानाच. तुरा तपकिरी झाला की काडी आतून पोकळ होऊन फुटते. बाई, बघ, सगळं पाठ आहे मला. मी शिकणार नाही, शिकणार नाही म्हणत होते, आणि तू माझ्या कानात ओतत होतीस.

जळवांचं मात्र मला जमलं नाही. तू पायाला चुना-तंबाखू चोळून उतरायचीस आणि वर आल्यावर पोटरीवरची जळू अशी काढायचीस जशी पदरावरची काडी काढावी. मी किंचाळायचे. एकदा माझ्या मांडीवर तीन लागल्या. मी काठावर बसून रडले, आणि रागाने विळा घेऊन पूर्ण एक ओळ पाण्याखालून कापून टाकली, की लवकर आटपो एकदाचं. तू दूर होतीस, तुला दिसलं नाही. महिन्याभराने ती ओळ सगळी काळी पडली, मुळासकट कुजली. कापताना पाण्याच्या वर चार बोटं काडी ठेवायची असते, हे तू मला सांगितलं होतंस आणि मला ठाऊक होतं. पाणी कापल्या तोंडातून खाली उतरतं आणि मूळ बुडून मरतं. तू त्या कुजलेल्या ओळीत उभी राहून कितीतरी वेळ पाहत राहिलीस. संध्याकाळी भाकरी वाढताना फक्त म्हणालीस, "राग आला होता तं मले मारतीस ना वं. त्याईले काहून मारलं?" त्यापेक्षा कानफटात दिली असतीस तर बरं झालं असतं.

आणि तो काळा रंग! देवा रे! बालाघाटच्या रानातला हिरडा कुटून उकळायचा, त्यात वाळलेल्या काड्या भिजवायच्या, आणि मग बोडीच्या तळाच्या काळ्या गाळात चार दिवस पुरून ठेवायच्या. पाचव्या दिवशी उकरल्या की काजळासारख्या काळ्या निघत, धुतल्या तरी रंग जात नसे. पण उकरताना जो वास यायचा त्याने मला कोरडी ओकारी यायची. तू हसायचीस. "नाक नको धरू. नाक धरलं तं वास तोंडात जाते." तुझ्या नखांत ती काळी रेघ बारा महिने असायची. तुझा दीर म्हणायचा, वहिनीच्या हातचं पाणी प्यायची शिसारी येते. तुझ्या तोंडावर नाही म्हणाला कधी. मला म्हणायचा. आणि मीही, बाई, खोटं कशाला बोलू, मीही एक-दोनदा नाक मुरडून हसले आहे त्याच्याबरोबर.

तोच माणूस पाहुणे आले की तुझ्या चटया अंथरून मिरवायचा. "आमच्या घरची होय, बजारची नाही." अंबाडीच्या सुतळीचा ताणा, त्यात तुझा लव्हाळा, हात फिरवला तर गार आणि गुळगुळीत. गावात लग्न असलं की नवरीखाली तुझी चटई, बाळंतिणीखाली तुझी चटई. सुरेश झाला तेव्हा तू हातभर लांबीची एक विणलीस, बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून काडी काडी ओठांवर फिरवून निवडलीस. तो तिच्यावर पालथा पडला, रांगला, मुतला. "बडी माय" तो तुला म्हणायचा, मला म्हणायच्या आधी. तुला मूल झालं नाही म्हणून कोणी बोललं तर मी भांडायला उठायचे, पण मनात मला हेवाच वाटायचा, की माझं पोर तुझ्या चटईवरून माझ्याकडे येत नाही.

भाऊजी गेले ते वर्ष आठवतं तुला? काय विचारते मी! ते गेल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांच्या अंगाखालची चटई गड्यांनी काठीवर उचलून नाल्यापलीकडे टाकली. मेलेल्या माणसाखालचं घरात ठेवायचं नाही, त्याला शिवायचं नाही, शिवेबाहेर फेकायचं. चौथ्या दिवशी माझ्याबरोबर बोडीवर जाताना तुला ती दिसली. तिच्यावर दोन कुत्री निजली होती, आणि एका कोपऱ्यावर कोणी तरी घाण करून ठेवली होती. तू ती तशीच उचललीस, पाण्यात धुतलीस आणि नाल्यात उभी राहून माझ्या गळ्यात पडून रडलीस. नवरा गेला तेव्हा रडली नव्हतीस एवढी. तिथंच तू म्हणालीस, "माही नको फेकू देजो. जाळजो." मी पहिल्यांदा कबूल केलं ते तिथं.

मग दोन हिवाळे लावून तू ती विणलीस. चार हात रुंद, सहा हात लांब, दोन्ही काठांना काळी पट्टी आणि मधे काही नाही, फूल नाही, नक्षी नाही. मी म्हटलं, एवढी साधी काहून? तू म्हणालीस, मले काय तिच्यावर लग्न लावाचं हाय? गुंडाळून चुलीच्या वरच्या आढ्याला बांधलीस, धूर लागत राहिला की कीड लागत नाही म्हणून.

तेव्हाच आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, आता तू शीक पूर्ण. विणायलाही शीक. मी मेल्यावर कोण लावन? मी म्हटलं, नाही लावलं तर नाही लावलं. वारासिवनीच्या बाजारात चटया भेटतात, घ्यायच्या अन् टाकायच्या. तू म्हणालीस, टाकाच्या? मी म्हटलं, हौ, टाकाच्या, तुझ्यासारखी मी त्या घाणीत जन्म काढणार नाही. तू उठून गेलीस. दोन दिवस अबोला. मग तू बोलायला लागलीस, पण त्या गोष्टीवर नाही. मीही काढली नाही तो विषय. रोज वाटायचं, उद्या काढू. आपण दोघी एका चुलीपुढे सात वर्षं बसलो त्यानंतर, आणि ते वाक्य तसंच पडून राहिलं. आता कोणाशी भांडू?

मागच्या महिन्यात तुझा खोकला छातीत उतरला. वैद्य झाले, किरनापूरचे डॉक्टर झाले, सुई झाली. माघातली दुपार होती. तुझा श्वास घरघरायला लागला तसं शेजारच्या म्हातारीने सांगितलं, भुईवर घ्या हिले आता. मी जमीन शेणाने सारवली, आढ्यावरून चटई सोडली, झटकली, अंथरली. तुला खाटेवरून उचलून तिच्यावर ठेवलं. तुझे डोळे मिटलेले होते, पण तुझा हात चटईवर फिरला. काठापर्यंत गेला. काळी पट्टी बोटांनी चाचपलीस तू. तुझ्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं, बाई. तेवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं. दाराला कडी घालायला पाहिजे होती.

म्हातारी घरी गेली, आणि तुझा दीर आत आला.

"वेडी झाली का वं तू? ही काहून काढली?"

"तिनं सांगून ठेवलं होतं."

"सांगून ठेवलं होतं! पुढच्या महिन्यात वारासिवनीवाले येऊन राह्यले पोराचं लगन पक्कं कराले. राइस मिलवाला माणूस हाय तो. त्याले काय पोत्याबोऱ्यावर बसवू? अशी चटई आता कोण विणून देणार हाय? एकदा जीव गेला तं फेकाच लागते. आताच काढ."

"अहो, जित्ती हाय ते."

"म्हणून तं म्हणून राह्यलो, आताच काढ. तिले काय समजते आता?"

तो गोठ्यातून युरियाची दोन रिकामी पोती घेऊन आला. झटकलीही नाहीत. त्यांना तो वास होता, डोळ्यांत झोंबणारा. मी काय केलं? भांडले? ओरडले? तुझ्या खांद्यांखाली हात घालून मी तुला उचलून धरलं. मी. त्याने खालून चटई ओढून घेतली आणि पोती सरकवली. बोडीतला गाळ बरा, बाई. त्या गाळाची मला शिसारी यायची, आणि माझ्याच हातांनी काय केलं ते पाहा.

तेव्हा तू डोळे उघडलेस. माझ्याकडे पाहिलंस. हळू आवाजात विचारलंस, "ओली झाली का वं?"

तुला वाटलं, तुझ्याच अंगाखाली चटई भिजली आणि आम्ही ती वाचवायला काढली. मी पोत्याची घडी तुझ्या पाठीखाली सरळ केली.

"उन्हात नको टाकू," तू म्हणालीस. "सावलीत वाळव."

दिवेलागणीच्या आधी तू गेलीस. शेजारी जमायच्या आत तुला सारवलेल्या भुईवर ठेवून तुझ्या दिराने पोती स्वतःच काठीवर उचलून नाल्यापलीकडे टाकली. चटई गुंडाळून तुझ्या दिराने पुन्हा आढ्याला बांधली, अगदी तुझ्यासारखी गाठ मारून.

बारा दिवस ती माझ्या डोक्यावर होती. स्वयंपाक करताना वर पाहिलं की ओकारी यायची. बाया रडायला यायच्या, मला कवटाळायच्या, आणि मी त्यांच्या खांद्यावरून वर पाहत असायचे.

तेरवीला वारासिवनीचा तो इवाई, सुरेशचा होणारा सासराही आला, दोन भाऊ घेऊन. चांगलं करायला आला होता बिचारा, दुःखात हजेरी लावायला. जेवणाच्या पंगती ओसरीवर बसल्या. आणि तुझा दीर आत आला, आढ्यावरची चटई सोडली, आणि पाहुण्यांच्या मानाच्या जागी नेऊन अंथरली. मी वरणाचं भांडं घेऊन दारात उभी होते.

इवाई हात फिरवून म्हणाला, "वाह! क्या चटई है! अशी तं आता पाहाले भेटत नाही. कोणाच्या हातची होय?"

"आमच्या वहिनीच्या," तुझा दीर म्हणाला. डोळ्याला उपरणं लावलं त्याने, बाई! डोळ्याला! "तिची याद म्हणून जपून ठेवली. पोराच्या कुंकवाच्या दिवशी बी हेच अंथरू म्हणतो."

मी ठरवून काही केलं नाही. भातावर वरण वाढत होते. वाढता वाढता माझ्या तोंडून निघालं, आणि मोठ्याने निघालं, "इवाईबुवा, याच चटईवर बाईनं जीव सोडला."

तू पाहायला पाहिजे होतंस! एका क्षणात ओसरी उठली. इवाई असा उडाला की पत्रावळ उलटून त्याच्या धोतरावर वरण. त्याचे भाऊ हात वर धरून उभे, जणू हातांनाच काही चिकटलं आहे. कोणी 'राम राम' म्हणतंय, कोणी विहिरीकडे धावतंय, शेजारच्या पंगतीतला म्हातारा पत्रावळ उचलून मागे सरकला की चटईचा काठ आपल्याकडे तर नाही. आता आता जिच्यावर हात फिरवून वाहवा केली, तिच्याकडे सगळे नाल्यातल्या मेलेल्या ढोराकडे पाहावं तसे पाहत होते. सुरेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अम्मा, ऐसा सब के सामने कोई बोलता है क्या?"

आणि तुझा दीर? तो माझ्याकडे पाहत होता. त्याचं तोंड उघडं होतं. एक वाक्य बोलला असता तर सगळं निस्तरलं असतं, की खोटं आहे, वहिनी हिच्यावर मेली नाही. मग लोकांनी विचारलं असतं, तर मग कशावर मेली? जित्तेपणी तिच्याखालून चटई काढली हे चार गावच्या माणसांसमोर त्याला सांगावं लागलं असतं. ते त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. मी पाहिलं ते. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "हौ, चूक झाली. घाईत ध्यानात नाही राह्यलं."

गडी काठ्या आणायला निघाले. मी वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, कोणी हात लावू नका, मी नेते. कोणी हात लावणारही नव्हतं. मी गुंडाळली, खांद्यावर घेतली, आणि भर दुपारी एकटी नदीवरच्या मसानात गेले. बाया तिथं जात नाहीत. मी गेले. तुझी राख तर केव्हाच नेली होती, जमीन तेवढी काळी होती. तिथं अंथरली आणि काडी लावली. लव्हाळा वाळलेला, धूर खाल्लेला, भडकन पेटला. पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन हिवाळ्यांचं काम. राखेकडे पाहत बसले आणि मग घरी येऊन न्हाले.

मला वाटलं होतं, आता घास उतरेल. कबूल केलं ते केलं, उशिरा का होईना. चार दिवस तुझा दीर माझ्याशी बोलला नाही. वारासिवनीहून निरोप नाही. ते लग्न होईल का नाही, मला ठाऊक नाही, आणि आज तरी त्याची पर्वा वाटत नाही.

पण गाव काय बोलतं, माहीत आहे? त्या दिवसापासून बाया येऊन मला सांगतात, "नशीबवान वं तुही बहीण! एवढी भारी चटई मरताना अंगाखाली घातली, आमच्या घरी तं फाटकं पोतंही टाकणार नाहीत." म्हातारे तुझ्या दिराला सांगतात, रांडमुंड वहिनीला कोण एवढं करतं, तू माणूस आहेस. पहिल्यांदा तो गप्प बसला. दुसऱ्यांदा म्हणाला, आता काय, आपलं कर्तव्य होतं. माझ्या एका खोट्याने तुझी चटई सुटली आणि त्यापाठोपाठ तोही सुटला. तुझं मरण मी त्याला बक्षीस देऊन टाकलं.

काल संध्याकाळी लालबर्ऱ्याचे त्याचे मामा भेटायला आले होते. चहा झाला. तुझ्याबद्दल विचारलं त्यांनी. आणि तुझा दीर न अडखळता, पाठ असल्यासारखं सांगायला लागला, की वहिनीची लय इच्छा होती तिच्याच चटईवर जावं म्हणून. लग्नासाठी ठेवलेली होती, पण मी म्हटलं, चटईचं काय एवढं, माणसापेक्षा मोठी हाय का? मीच माह्या हातानं अंथरली.

मामांनी डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरंच अंथरली का वं सूनबाई यानं?"

तो माझ्याकडे पाहत होता. चहाचे कप माझ्या हातात होते.

मी म्हटलं, हौ.